दोरीच्या आतलं गवत

प्रिय बाबा,

जय भीम.

उद्या सकाळी विहारासमोरचं तुमचं लॉन आम्ही काढणार आहोत. ठरलं ते माझ्याच सांगण्यावरून. पण तुमच्याशी बोलल्याशिवाय फावडं उचलवेना, म्हणून लिहायला बसले.

रागावलात? रागवा, पण काहीतरी बोला ना!

ते लॉन तुम्ही का लावलंत, हे आपल्या राजूरच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. खाणीत असताना तुम्ही अर्ज घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेला होतात. उन्हात उभं राहून थकलात आणि गवतावर जरा टेकलात. "उठ बे, हे बसाचं गवत नाही," असं म्हणून शिपायानं उठवलं. निवृत्त झाल्यावर तुम्ही तसल्याच गवताच्या लाद्या नागपूरहून आणल्या आणि वस्तीतल्या एकेकाला हाताला धरून त्यावर बसवलंत. मी चप्पल काढून काठावरच थबकले, तर म्हणालात, "बस ना माय! काहून उभी हायेस? आपलंच गवत हाय."

तो ओला गारवा तळपायांना अजून आठवतो, बाबा.

पण किती पाणी प्यायचं हो ते! कोळशाची धूळ बसली की तुम्ही ते धुवायचातही. तुम्ही गेल्यावर वस्तीनं सांभाळलं. टँकर आला की आधी एक बादली तुमच्या गवताला, मग घरात. सुमनमावशीनं तर एकदा पिण्याचा माठ रिकामा केला. आणि गवत मोडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून भोवती दोरी बांधली.

दोरी, बाबा! तुमच्या गवताला!

परवा एक चिमुरडी दोरीखालून आत शिरली आणि मांडी घालून बसली. मावशी ओरडली, "उठ वं, हे बसाचं गवत नाही!"

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, इथे हरळी लावू. मावशी उसळलीच. "जल्मभर वावरातून हरळी खणून फेकली, आता विहारासमोर लावाची? बीएस्सी झाली म्हनून बापाचं गवत उपडतं का वं?"

"मावशी, बाबांनी गवत कायले लावलं होतं?"

मावशी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बसाले."

हरळी तुडवली तरी मरत नाही, बाबा. उन्हाळ्यात वाळेल, पावसात पुन्हा उठेल. कडुनिंबाखाली गवत तसंही धरत नव्हतं, तिथे त्याचाच पालापाचोळा पसरू. काठाकाठानं सकाळी दहाला उमलणारी ऑफिस टाइमची फुलं. तुम्ही असतात तर नाक मुरडलं असतंत का? की घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून सगळ्यांना मिरवून सांगितलं असतंत? हे एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

तुमच्या लॉनचा एक तुकडा मात्र मी आपल्या मोरीच्या पाण्यावर जगवणार आहे. तेवढं स्वार्थी होऊ द्या मला.

दोरी मी स्वतः सोडीन आणि पुन्हा कुणाला बांधू देणार नाही, हा माझा शब्द. हरळी धरली की सगळ्यांत आधी आईला घेऊन येईन. ती चप्पल काढून काठावरच उभी राहील, ठाऊक आहे मला. मग मी तिचा हात धरून म्हणेन, "बस ना माय. आपलंच गवत हाय."

तुमची,
प्रज्ञा