इतवारीबाबाला ऐकू येत नाही

तुमसर

प्रिय रीता,

तुझ्या आईची तेरवी झाली आणि तू भंडाऱ्याला परत गेलीस. तेव्हापासून फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तू यंत्रं बनवणं सोडलंस असंही कळलं.

राईस मिलमागच्या आपल्या वस्तीत तू घरोघर आढ्याला तुझी ती आगीची सूचना देणारी डबी बांधलीस, तेव्हा बायका हसल्या होत्या. चुलीच्या धुरानं दिवसभर कोकलेल म्हणाल्या. तूच समजावलंस, ही धुरानं नाही, एकदम वाढलेल्या उष्णतेनं वाजते, आणि एक वाजली की शेजारच्याही वाजतात. सखाकाकूनं तर लेकीच्या कौतुकानं डबीला हळदकुंकू लावलं होतं.

त्या दुपारी काय झालं ते तू कुणाला सांगूच दिलं नाहीस. गोदावरीबाईकडे वायर पेटली आणि सगळ्या डब्या ओरडायला लागल्या. लेकराबाळांना घेऊन आम्ही रस्त्यावर धावलो. काकूही बाहेर आली होती, रीता. माझ्या शेजारीच उभी होती. तिनं सगळ्यांकडे पाहिलं नि म्हणाली, "इतवारी दिसून नाही राहिला. त्याले आयकू येत नाही वं, त्याले कोन सांगन?" मी तिचा पदर धरला. तो सोडवून घेत, "आत्ता येतो," म्हणून ती त्याच्या घराकडे धुरात शिरली. इतवारीबाबा तेव्हा तलावावर जाळं टाकून बसला होता. आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

डबीला दिवा असता तर बहिऱ्यालाही कळलं असतं, आई आत गेली नसती, असं तू म्हणालीस. खरं आहे. दिवा हवा होता. पण वस्तीतलं लेकरू न् लेकरू आज खेळतंय, हेही खरं आहे. त्यानं तुझं दुःख हलकं होणार नाही. मलाही रोज वाटतं, पदर घट्ट धरायला हवा होता.

पण पत्र लिहायला बसले ती इतवारीबाबासाठी. त्यानं मासे धरणं सोडलंय. तुमच्या जळक्या जागेवर दिवसभर बसून असतो. खुणांनी समजावलं तर तोंड फिरवतो. काल माझा हात धरून म्हणाला, "रीता माह्यावर रागावली काय वं?" मी नाही म्हणून मान हलवली. त्याचा विश्वास बसला नाही. एकदा ये. काय बोलावं याची काळजी करू नकोस. नुसती त्याच्याजवळ बस.

तुझीच,
शेजारची ज्योत्स्ना