लालसिंगची बॅटरी

१० जानेवारी २०२६, शनिवार

हायमास्ट! देवळासमोर हायमास्ट लावलाय. नारळ, हार, भाषणं, सगळं झालं. आता आमच्या गच्चीवर रात्री बारा वाजता पेपर वाचता येतो. आकाश मात्र ताकासारखं पांढरट. केतकीने पुण्याहून बापाला कॅमेरा पाठवला तो काय ह्या खांबाचे फोटो काढायला? तीस वर्षं तहसीलमध्ये फायली चाळल्या, म्हटलं आता निवांत तारे बघू. तर तेही ह्यांना बघवत नाही. वीट आला ह्या गोरेगावचा.

१२ जानेवारी

स्कूटर काढली आणि साखऱ्याच्या अलीकडच्या माळावर गेलो. काय अंधार! कॅमेरा स्टँडवर चढवला, तोंड उत्तरेला, ध्रुव मधोमध. दर तीस सेकंदांनी आपोआप एक फोटो, असे तीन तास. घरी कॉम्प्युटरवर सगळे एकावर एक चढवले की ताऱ्यांची वर्तुळं होतात, ध्रुवाभोवती. तसा एकच फोटो हवाय मला. हिंगोलीच्या प्रदर्शनाला पाठवायची शेवटची तारीख १९.

१३ जानेवारी

सत्यानाश. फोटोच्या खालच्या बाजूला, डावीकडून उजवीकडे एक जाडजूड पांढरी रेघ! कोणीतरी बॅटरी घेऊन खालच्या शेतातून हिंडलंय. मध्येच सरळ कॅमेऱ्याच्या तोंडावर उजेड मारलाय. सगळी रात्र पाण्यात.

१४ जानेवारी — संक्रांत

तिळगूळ खाल्ला. गोड बोलावंसं कोणाशीही वाटलं नाही.

१५ जानेवारी

साडेअकराला पुन्हा तोच उजेड. खाली उतरून गाठलाच त्याला. तांड्यावरचा लालसिंग. चाळिशी उलटलेला, डोक्याला टॉवेल, पायात झिजलेली चप्पल. मी वाट्टेल ते बोललो. हा शांत. म्हणाला, ह्या आठवड्यात मोटारीला रात्रीचीच लाईट आहे, गव्हाला पाणी दुसरं कधी देऊ?

मग माझं तोंड नीट पाहिलं आणि एकदम हात जोडले. त्याच्या पोरीचा जातीचा दाखला म्हणे मी दोन दिवसांत काढून दिला होता, चकरा न मारायला लावता. मला काही आठवत नाही. पण लोखंड तापलंय हे दिसलं. सांगितलं त्याला — रविवारी अमावस्या आहे, ती एकच रात्र बॅटरीशिवाय जा.

त्याने पायाकडे बघितलं.

"एक रात न्हाई लावत, भाऊसायेब," म्हणाला. "वाट पायाखालचीच हाय."

माझ्यामागून वर येऊन त्याने कॅमेरा न्याहाळला. हा आमच्या शेताकडंच बघून राहिला का, असं विचारत होता. म्हटलं, रात्रभर. ह्याचा डोळा मिटत नाही. ते ऐकून हसला. चला, एक काम झालं.

१७ जानेवारी

शेजारच्या गंगूताई. "एवढा भारी कॅमेरा हाय तर आमच्या नातवाच्या बारशाला या की. चांदण्या काय कुठं पळून चालल्यात?" शिसारी येते ह्या माणसांची. वर बघायचं म्हटलं की ह्यांची मान दुखते.

१९ जानेवारी, पहाटे ४

झोप येत नाही, इतका संताप झालाय.

शब्द दिला होता त्याने! आणि आधी पाळलाही. साडेअकराला मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणजे अंधारातच विहिरीवर गेला होता. मी खूश. थर्मासमधला चहा घेतला, कानटोपी ओढून बसलो. वर एक डाग नाही आकाशावर.

साडेबाराला लागली बॅटरी! चालत्या माणसाची नव्हे — एकाच जागी, बांधाशी, खाली जमिनीलगत. आधी माझ्याकडे तोंड करून वर-खाली, वर-खाली केली. मुद्दाम! चिडवायला! मग तशीच लावून ठेवली. मी पाऊण तास वाट बघितली. विझवेना. खाली जाऊन जाब विचारावा असं आलं मनात. पण दोन शेतं तुडवत जायचं, आणि असल्या माणसाच्या तोंडी कोण लागणार? अक्षरशः किळस आली. एवढं काम करून दिलं होतं त्याचं, त्याची ही परतफेड. सामान गुंडाळलं आणि निघालो. स्कूटर चालू केली तेव्हा पुन्हा हलली ती बॅटरी.

१९ जानेवारी, संध्याकाळी

चालत्या बॅटरीची रेघ पुसायला जमत नव्हतं. ही एका जागची, म्हणून सोपं गेलं. केतकी फोनवरून सांगत गेली तसं करत गेलो, पाच मिनिटांत उजेड गायब. वर्तुळं अशी उमटलीत की बघत राहावं! केतकी म्हणाली, बाबा, कमाल केलीत. पाचला पाठवून दिला.

उद्या तांड्यावर जाऊन त्याला दोन शब्द सुनावणार आहे. सोडणार नाही.

२० जानेवारी

गेलो होतो. दारात त्याची म्हातारी आई, रूपाबाई. लालसिंग नांदेडला दवाखान्यात आहे. रविवारी रात्री बांधावर घोणशीवर पाय पडला. पहाटे हिलाच सापडला तो, गव्हात. आता लघवी बंद झालीय, मशीनवर ठेवलंय.

"चालवंना त्याला," म्हणाली. "म्हणून बॅटरी लावून पडला. भाऊसायेबाचा कॅमेरा आपल्याकडंच बघून राहिला, भाऊसायेब येतील म्हणे."

मग तिने विचारलं, तुमी कोण.

मी सांगितलं नाही.