आकडा पातळ आला

सोमवार, ३
प्रयोगशाळेत आजही तोच आकडा! वितळलेल्या नायलॉनने मधासारखं वाहावं, हे दुधासारखं वाहतंय. अर्थ एकच – खाली यंत्रावर कुणीतरी ते जास्त तापवून करपवतंय. यंत्रावर कोण? आमचे धाकटे भाऊजी. नवऱ्याचा सख्खा भाऊ! तरी अहवालावर ठसठशीत सही केली, याचा जरा अभिमानच वाटला.

मंगळवार, ४
साहेबांनी भाऊजींना घरी बसवलं. शुक्रवारी चौकशी. नोकरी जायचीच लक्षणं.
जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, पातळ नाहीये ते. तोटीतून सुटल्याबरोबर धार फुगते. करपलं असतं तर अशी फुगली असती का?"
"आकडे खोटं बोलत नाहीत, भाऊजी."
जाऊबाईंनी पातेलं माझ्यासमोर आपटलं. नवरा ताटात डोकं खुपसून. बायको की भाऊ, हा प्रश्न तो वीस वर्षं चावून खातोय.

बुधवार, ५
फुगते म्हणे!
खरं तर फुगतेच. बारीक छिद्रातून रेटलेलं नायलॉन मोकळं झालं की अंग सैल सोडतं. करपलं की ती फुगायची ताकदच जाते. हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, विसरलेही आहे. या माणसाने नुसतं बघून ठेवलंय.

गुरुवार, ६
हवाबंद बरणीतला नमुना काढून लगेच तपासला. आकडा ठणठणीत! दुसरा काढला. तोही!
मग नजर गेली माझ्या वाट्यांच्या रांगेकडे. पंधरा दिवसांपूर्वी काढलेली माझी 'वेळ वाचवणारी' पद्धत – सकाळीच नमुने मोजून उघडे मांडायचे, दुपारी तपासायचे. तोवर नायलॉन हवेतली ओल पितं. तशा ओल्याला वितळवलं की आतल्या साखळ्या तुटतात. भाऊजी कुठले, मीच पातळ करत होते! आणि साहेबांनी वर पाठ थोपटलेली.
गप्प बसले तर कुणाला कळणार आहे?
हे वाक्य लिहून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. अक्षर मात्र चांगलं आलंय.

शुक्रवार, ७
सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही?" – जणू बरणीच बोलली!
भाऊजी उठून सरळ यंत्रावर गेले. तेच जास्त लागलं.

सोमवार, १०
साहेबांनी माझी बदली केली. प्रयोगशाळेतून खाली, यंत्रावर, भाऊजींच्या हाताखाली. पहिला हुकूम – "वहिनी, महिनाभर नुसतं बघायचं. बोलायचं नाही."
बोलायचं नाही! साहेबांनी त्यामानाने दयाच दाखवली होती.