अनयाच्या पोस्टरवरचं भोक

श्रूजबरी, रविवार, १९ एप्रिल

आज मराठी शाळेतल्या माझ्या वर्गात बारा वर्षांच्या अनयाने लायब्ररीतल्या प्रदर्शनासाठी पोस्टर काढलं. गाड्यांचा धूर, तापलेली पृथ्वी, आटलेला तलाव. मी म्हटलं, "ओझोनचं भोक राहिलं की! ऊन तिथूनच शिरतं, म्हणून पाणी आटतं."

"काकू, दॅट्स अ डिफरंट प्रॉब्लेम."

"मी केमिस्ट्री शिकलेय गं," सगळ्यांसमोर म्हणाले. तिने धूर खोडला, भोक काढलं.

घरी येऊन वाचलं. तिचंच बरोबर. भोकातून अतिनील किरण येतात. पृथ्वी तापते ती मुख्यतः धुरातल्या वायूंमुळे. नव्हतं माहीत, तर केमिस्ट्री कशाला मिरवली मी? तिला सांगायला फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

उद्यापासून ते भोक लायब्ररीच्या भिंतीवर. खाली नाव तिचं.