दारातली गाडी

देवपूर, धुळे
६ जानेवारी २०२५

चि. प्राचीस, आबांचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू मोठ्याने बोललीस की शेजारचे हिलालभाऊ बाहेर येऊन बघतात, म्हणून पत्रच बरं. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. आता स्वतःचं एक टाकायला पोस्टात गेलो की सगळे खुर्ची पुढे करतात.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा विसर मात्र वाढलाय. पोटचा पोरगा, युवराज, जाऊन दोन वर्षं झाली हे तिच्या ध्यानातच राहत नाही. पाच वाजले, त्याची कामावरून यायची वेळ झाली, की ‘युवराजनी गाडी दिसस नही’ असं सुरू होतं. आधी मी खरं सांगायचो. दर वेळी तिला ते नव्यानेच कळायचं. आता सांगत नाही.

तू म्हणाली होतीस, रिकाम्या खोलीच्या फोटोत तू कॉम्प्युटरवर बनवलेला सोफा बसवतेस आणि गिऱ्हाइकाला तो खराच वाटतो. तशी आपल्या दारात त्याची मोटरसायकल लावून देता येईल का? खरी तर अपघातानंतर भंगारात गेली. फोटो दाखवून, तो येऊन आत झोपलाय, असं म्हणता येईल. तुझ्या सोफ्याची मी चेष्टा केली होती, ती मागे घेतो.

वेळेवर जेवत जा. आठवण काढत राहा.
तुझे आबा

जळगाव
११ जानेवारी

ती. आबांस, प्राचीचा सविनय जय भीम.

चेष्टा माफ. गाडी करते. पण सोफ्यापेक्षा हे अवघड आहे, कारण गाडीला ऊन लागतं आणि सावली पडते. सावली जरा चुकली की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण मन मानत नाही.

म्हणून बरोबर पाच वाजता अंगणातून दाराचा फोटो काढा. मग जागचे न हलता, गाडी उभी राहायची तिथे चकचकीत घासलेला स्टीलचा लोटा कुणाकडून तरी ठेवून घ्या आणि दुसरा काढा. लोट्यात आकाश, झाड, भिंत सगळं उमटतं. ऊन कुठून येतं, किती येतं, ते मला त्यावरून कळेल.

आईला सांगा, मी विचारलंय.
तुमची लाडकी, अजूनही असेन तर,
प्राची

जळगाव
२० जानेवारी

ती. आबांस, सविनय जय भीम.

दोन्ही फोटो फोनवर मिळाले. ऊन बघायला मी लोटा मोठा करून पाहिला. त्यात फोन धरलेले तुम्ही आहात. तुमच्यामागे कडुनिंबाखाली खाट आहे, खाटेवर आई आहे. आणि तिच्या पायापासून झाडाच्या खोडापर्यंत एक पांढरी पट्टी गेली आहे.

आधी वाटलं, लोट्यावरचा ओरखडा असेल. मग तुमच्या उपरण्याचा काठ ओळखला.

आबा, तुम्ही आईला बांधून ठेवता? दिवाळीला मी आले तेव्हाही बांधत होतात? प्रत्येक पत्रात सर्व ठीक म्हणून लिहिता. मला राग आलाय, पण तुमचा की माझा, ते कळत नाही. कृपा करून सोडा तिला.
प्राची

धुळे
२४ जानेवारी

चि. प्राचीस आशीर्वाद.

लोट्यात मागचंही दिसतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीत बांधत नव्हतो. तू होतीस, ती तुझ्याजवळच बसून होती. डिसेंबरात ती दोनदा चाळीसगाव रस्त्यावर गेली. युवराज गेला त्या वळणापर्यंत. दुसऱ्या वेळी ट्रकवाल्याने ब्रेक दाबला आणि खाली उतरून मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. मला तिची हाक ऐकू येत नाही, कडी वाजलेली ऐकू येत नाही. पाच ते सात, तेवढंच बांधतो. गाठ सैल ठेवतो. बांधताना ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते, ‘तू कोणना पोऱ्या?’ असं विचारते.

फोटो लवकर पाठव. तो आला की बांधावं लागणार नाही, याच आशेवर आहे.
आबा

जळगाव
४ फेब्रुवारी

ती. आबांस, सविनय जय भीम.

मागच्या पत्रातलं बोलणं मनावर घेऊ नका. सोबत फोटो आहे. चाकाखाली सावलीची काळी कड आणि टायरवर आपल्या अंगणातली धूळ दिली, तेव्हा कुठे गाडी जमिनीवर टेकली. तरी शोरूममधली वाटत होती. मग भडगावच्या लग्नातला जुना फोटो काढला. त्यात युवराजचं हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलंय. तसंच लावलं आणि गाडी त्याची झाली.

काम तिकडून करायची परवानगी मिळाली आहे. १५ तारखेला कायमची येते. नको म्हणू नका.
प्राची

धुळे
९ फेब्रुवारी

चि. प्राचीस अनेक आशीर्वाद.

फोटो काल मिळाला. मी स्वतः फसलो, उठून दारात बघून आलो.

पाच वाजता तिच्या हातात दिला. तिने गाडी ओळखली, हसली. मग बोट हेल्मेटवर थांबलं. ते इथेच कसं, अशी माझ्याकडे बघू लागली. ‘हेल्मेट आठेच शे, पोऱ्या तसाच गया,’ असं म्हणून तिने जो हंबरडा फोडला, तो मलासुद्धा ऐकू आला.

हे तुला आम्ही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी तिने त्याचं हेल्मेट धुवायला काढलं होतं. ते ओलं होतं, म्हणून तो तसाच निघाला. डोक्याचा मार नसता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. ती हे कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. दोरीवरचं हेल्मेट मी त्याच आठवड्यात पांझरेच्या पुलावरून टाकून दिलं. तुझी यात काही चूक नाही, तुला माहीतच नव्हतं.

काल तिने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. मी म्हणालो, मला माहीत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून रडलो. तासभर ती पूर्ण शुद्धीवर होती. तुम्ही माझ्यावर रागावलात का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला.

सात वाजता तोंड धुऊन आली आणि युवराजची गाडी का दिसत नाही, असं विचारू लागली. सगळं विसरली होती. मी नाही म्हणालो, तेही विसरली.

फोटो कपाटात ठेवला आहे, पुन्हा दाखवणार नाही. १५ला ये. मला एकट्याने जमत नाही, हे लिहायला हात धजत नव्हता. आज सकाळी चहा देताना मी तिला म्हणालो, मी रागावलेलो नाही. कशाबद्दल, असं तिने विचारलं. उद्याही सांगेन.

वाट पाहतो.
तुझे आबा