पहिली दोरी

पर्थ,
मंगळवार, ३ मार्च १९५९

प्रिय इशबेल,

लॅकीच्या दफनाचं तुमचं कार्ड आज सकाळच्या टपालाने मिळालं. तुम्ही आणि तुमच्या सासूबाई दोघी तब्येतीला जपत असाल, अशी आशा करतो. इकडे अजून बर्फ आहे. शाळेने मला शुक्रवारची रजा दिली आहे. सकाळच्या गाडीने निघालो तर दफनाला वेळेत पोहोचेन.

कार्डावर माझ्या नावापुढे ‘दोरी क्रमांक १’ असं आहे. ते मी दोनदा वाचलं. शवपेटी खड्ड्यात उतरवताना डोक्याकडची पहिली दोरी मुलाने नाहीतर भावाने धरायची असते. लॅकीला दोन्ही नव्हते, हे खरं. पण तुमचे भाऊ आहेत. मला पायाकडची एखादी चालली असती.

आज वर्गात शिकवताना सारखा तोच दिसत होता. शनिवारी दुपारपर्यंत जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढायचे आणि बोटांवरची शाई तशीच घेऊन मैदानावर यायचं. सहा मोसम आमच्या फुटबॉल संघाची डावी बाजू त्याची होती. मी त्याच जागेचा राखीव. व्यावसायिक क्लबचे लोक दोनदा त्याच्या दारी येऊन गेले. “पगार घेतला की शनिवार त्यांचा,” तो मला म्हणाला. “सध्या तो माझा आहे.” त्याला एकच गोष्ट हवी होती, स्कॉटलंडच्या हौशी संघाची जर्सी. बावन्न साली ती मिळणारच होती.

त्या घड्याळाबद्दल लिहायला हवं.

हौशी खेळाडूने किमती बक्षीस घ्यायचं नाही, हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता. तरी उन्हाळी जत्रेच्या सामन्यांत जिंकलेलं ते घड्याळ त्याने तुमच्या नव्या घरासाठी ठेवून घेतलं. ते वर कळलं, वर्षाची बंदी आली आणि जर्सी गेली. कपडे बदलायच्या खोलीत तो म्हणाला, “आमची आई दर वर्षी जत्रेत केकचं बक्षीस मारते. तिलाही बंदी घाला की!” सगळे हसले. मीही हसलो. बंदीनंतर तो परतला, पण तो वेग परतला नाही.

तुम्ही धुलाईघरात बायकांना घड्याळाचं कौतुक सांगितलंत आणि तिथून बातमी फुटली, असं सासूबाई म्हणत आल्या. माझ्यासमोर चहा ओतताना म्हणाल्या होत्या, “हिच्या तोंडापायी माझ्या पोराची जर्सी गेली.” तुम्ही मान खाली घातलीत. मी साखर ढवळत राहिलो.

ते तुमच्यामुळे झालं नाही. एका सामन्यानंतर निवड समितीच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, “लॅकी रेनीबद्दल काही अडचण नाही ना?” मी म्हटलं, “त्याच्या घरी एक छान घड्याळ आहे.” एवढंच बोललो. कशासाठी बोलतो आहे, ते मला ठाऊक होतं.

त्याच्या जागी स्कॉटलंडच्या संघात मी गेलो. मला पोहोचवायला तो स्टेशनवर आला, स्वतःचे बूट घेऊन. “हे घाल. तिथे चिखल फार. तुझ्या बुटांत तू बदकासारखा चालशील.” मी ते घालून खेळलो.

त्याला मी कधीच सांगितलं नाही. गेल्या महिन्यात तीन रविवार त्याच्या खाटेजवळ बसलो आणि हवेबद्दल बोललो.

दोरी दुसऱ्याला द्यावीशी वाटली तर कळवा. मी फाटकापाशी उभा राहीन. येऊच नका म्हणालात, तर येणार नाही.

क्षमा मागायला उशीर केलेला,
फर्गस ऑलिफंट


पेझली,
बुधवार, ४ मार्च

मिस्टर ऑलिफंट,

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. त्या उठून आत गेल्या आणि थोड्या वेळाने माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. सात वर्षांत पहिल्यांदा.

दोऱ्यांची यादी लॅकीने शेवटच्या आठवड्यात स्वतः केली, पेन्सिलीने. तुमचं नाव सगळ्यात वर आहे. त्याला काय ठाऊक होतं ते मला माहीत नाही, आणि आता विचारणार कोणाला? त्याची यादी मी बदलणार नाही.

शुक्रवारी दोन वाजता या. बायका दफनाला जात नाहीत, तेव्हा आपली गाठ पडायची नाही. दोरी सावकाश सोडा. शेवटी तो अगदी हलका झाला होता.

नंतर सगळे घरी जेवायला येतील. तुम्ही येऊ नका.

लॅकीची पत्नी,
इशबेल रेनी