उलटा सहा

उस्ताद, या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही गेल्यावर ते विचारणारं कोणी उरलं नाही. ट्रकच्या जुन्या ॲक्सलमधून काम घट्ट पकडायचा व्हाइस केला, त्याच्या जबड्यातून आजही कागदाचा कपटा सुटत नाही. सायकलच्या पॅडलवर चालणारा धान उफणायचा पंखा केला, तो दिघोरीच्या एका शेतकऱ्याकडे अजून फिरतो. इंजिनाची गॅस्केटं तांब्याच्या पत्र्यातून कातरीनं कापली. आणि डाव्या स्टिअरिंगच्या एका परदेशी गाडीला वळणाचा इशारा देणारा लोखंडी हात केला, कारण अशा गाडीला तशी सोय चालू स्थितीत असावी लागते, असं कायद्यात आहे. शाळा माझी सातवीपर्यंतची. नियम इंग्रजीत होते, ते मांडीवर शब्दकोश घेऊन वाचले, आणि कोणत्याही एजंटापेक्षा नीट वाचले. ही फुशारकी आहे, असू द्या.

हे पत्र त्या परदेशी गाडीबद्दल आहे. नाकाडोंगरीकडचा एक ठेकेदार ती साकोलीला माझ्या गॅरेजवर घेऊन आला. कुवेतहून परतलेल्या माणसाकडून घेतली म्हणाला, आता स्वतःच्या नावावर करायची होती. इशाऱ्याचा हात बसवून झाला तशी त्यानं कागदांची पिशवी पुढे केली. फुकट विश्वास टाकणारा माणूस मला आवडत नाही, म्हणून मी कागद एकेक करून वाचले. बाहेरून गाडी आणायची तर आणणारा तिकडे राहिलेला हवा, गाडी तिकडे त्याच्याच नावावर वापरलेली हवी, परवाना हवा, बंदरावर कस्टम भरल्याची पावती हवी, आणि काही वर्षं ती विकायची नाही ही अट. सगळं होतं. अटीची वर्षंही उलटून गेली होती. इतके चोख कागद पाहिले की माझी मान आपोआप खाली जाते, गाडीच्या पोटाकडे. या सगळ्या कागदांना गाडीशी बांधून ठेवणारी गोष्ट एकच, सांगाड्यावर ठोकलेला चेसिसचा नंबर.

ठेकेदारानं मग पेन्सिलीनं घासून घेतलेला नंबराचा छाप काढला. अर्जाला जोडायला एजंटानं घेतला होता. कागदांवर शेवटचा आकडा सहा, छापात नऊ.

"मिस्त्री, एकच आकडा उलटा हाय," तो म्हणाला. "पूर्ण नंबर घासा आन् बराबर ठोकून द्या. आकडे ठोकाचे पंच तुमच्यापाशीच हाय म्हणते लोक."

"कोण लोक?"

"आता कोन्या कोन्याचं नाव सांगू? तुमचा उस्ताद गेला, पंचांची पेटी तुमच्याकडे आली, साऱ्या भंडाऱ्याले माहीत हाय."

मी गाडीखाली सरकलो. चिंधीनं ग्रीस पुसलं. आणि उस्ताद, मला तुमचा हात दिसला. कारखान्यातला नंबर एका ओळीत, एका खोलीचा असतो. हा हातानं ठोकलेला होता. तुमच्या संचातल्या सहाच्या पंचाचा कपचा उडालेला आहे, त्याच्या वळणात केसाएवढी फट राहते. मधल्या दोन्ही सहांमध्ये ती फट वरच्या टोकाला होती. शेवटच्या नऊमध्ये ती खालच्या टोकाला. सहा आणि नऊ एकाच पंचाचे, फिरवला की झालं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी तुमच्या भंडाऱ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी, हीच असणार, तीन दिवस उभी होती. मी तेव्हा तिशीचा, तुमचा पहिला फिटर, तुमच्यानंतर मीच. तरी तुम्ही म्हणालात, "तू घरी सानगडीले जा, धान कापून घे. तीन दिवस येऊ नको." कापणी आटोपली होती, तुम्हाला ते माहीत होतं. मी उंबऱ्यात उभा आहे, आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता हात पुसताय. "काहून उभा हाय बे? गाडी पाहाची हाय का?" मी गेलो. परत आलो तेव्हा ताडपत्रीची घडी घालून ठेवली होती आणि तुम्ही आठ दिवस कोणाशी धड बोलला नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, गंजलेला नंबर परवानगी काढून पुन्हा ठोकतात, त्यात काय? ठोकतात. पण मग परवानगीचा कागद असतो. एवढ्या कागदांत तोच नव्हता. म्हणजे कागद दुसऱ्याच गाडीचे असणार, आणि त्यांचा नंबर या गाडीवर चोरून ठोकलेला. बरं, घाईत पंच उलटा धरला गेला असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. पण त्या गाडीच्या कितीतरी आधी राइस मिलच्या पंपावर मी नऊच्या जागी सहा ठोकला होता, तेव्हा तुम्ही सगळ्या कामगारांसमोर ओरडला होतात, "लोखंड का पाटी हाय बे, पुसाले? अंगठ्याले डोये नाही काय तुह्या?" आणि त्याच दुपारी तुम्ही त्या पंचाच्या मानेवर कानसीनं खाच पाडलीत. खाच अंगठ्याखाली आली की सहा, वर आली की नऊ. तेव्हापासून आम्ही कोणीच चुकलो नाही. तुम्ही तर त्याआधीही कधी नाही.

शेवटच्या आजारपणात तुम्ही ती पेटी माझ्याकडे सरकवलीत. मुलगा शेजारी बसला होता, तरी मला. मी ते बक्षीस समजलो, गावभर सांगत फिरलो. त्या दिवशी गाडीखाली पडल्या पडल्या पहिल्यांदा वाटलं, तुम्ही पुरावा घरातून बाहेर काढला होता की काय.

ठेकेदाराला मी बाहेर येऊन कायदा सांगितला. नंबर घासणं गुन्हा आहे, आधी आरटीओ ऑफिसात जा, लेखी परवानगी आणा, मग या. तो हसला. "तुमच्या उस्तादनं आणली होती का परवानगी?" त्यानं टेबलावर नोटांचं पुडकं ठेवलं, मी ते त्याच्या पिशवीत परत टाकलं, आणि तो शिव्या देत निघून गेला. नंतर त्या गाडीचं काय झालं, मी विचारलं नाही. ऑफिसलाही कळवलं नाही.

साकोलीत लोक तेव्हापासून मला इमानदार म्हणतात. मी म्हणू देतो. खरं म्हणजे तो नऊ घासला असता, तर तुम्ही चुकलात, विकले गेलात, की कधीतरी कोणाला सापडावा म्हणून मुद्दामच उलटा ठोकलात, हे तुम्हाला विचारायला काही उरलंच नसतं. हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून लिहितो. मी नाही म्हटलं ते कायद्यासाठी नव्हतं. बारा हजार रुपये देत होता तो, एका आकड्याचे.